कांचेच्या पडद्यावरील विश्वसंगीत

कलेच्या इतिहासांत कधीं कधीं असें घडतें कीं, एका कलेच्या घरीं जन्मलेला मनुष्य दुसऱ्या कलेच्या घरीं दत्तक जातो, आणि जातांना जन्मघरची रीत बरोबर घेऊन जातो. नव्या घरच्या मंडळींस ती रीत चमत्कारिक वाटते. जुन्या घरची मंडळी म्हणतात, याचें गोत्रच बदललें. कोरियन कलावंत नाम जून पाइक यांची गत अशीच झाली. जग त्यांस दूरचित्रवाणीच्या यंत्रापासून दृश्यकला निर्माण करणारे आद्य पुरुष म्हणून ओळखतें. परंतु त्यांचा पिंड गवयाचा होता, आणि अखेरपर्यंत तो तसाच राहिला. ही गोष्ट ध्यानांत न घेतल्यामुळें त्यांची स्तुति करणारे आणि निंदा करणारे, दोघेही बहुधा भलत्याच ठिकाणीं बोट ठेवतात, असें आमचें मत आहे. प्रस्तुत लेखांत त्यांच्या १९७३ सालच्या ‘ग्लोबल ग्रूव्ह’ या सुमारें अठ्ठावीस मिनिटांच्या कृतीचा विचार करावयाचा आहे. जगांतील भिन्न भिन्न परंपरांचें संगीत, बाजारांतील लोकप्रिय गाणें आणि विजेच्या यंत्रानें रंगविलेलें चित्र या तिहींचें एकत्र मिश्रण करण्याचा हा एक आरंभीचा व फार धाडसी प्रयत्न होय. त्या मिश्रणांतून रसायन निष्पन्न झालें कीं केवळ भेसळ, हा प्रश्न आम्ही वाचकांपुढें ठेवूं इच्छितों.

पाइक यांचा जन्म १९३२ सालीं सेऊल येथें झाला. १९५० सालीं कोरियांत युद्ध पेटलें, तेव्हां त्यांचें कुटुंब देश सोडून प्रथम हाँगकाँग येथें व पुढें जपानांत गेलें. टोकिओ विश्वविद्यालयांतून ते १९५६ सालीं पदवीधर झाले. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्नोल्ड शोनबर्ग हा संगीतकार होता. ही निवड अर्थपूर्ण आहे. शोनबर्ग यांनी पाश्चात्य संगीतांतील आधारस्वराचें सिंहासन मोडून सप्तकांतील बाराही स्वरांस सारखा अधिकार दिला. आमच्या परिभाषेंत बोलावयाचें तर त्यांनी षड्ज, वादी आणि संवादी ही सर्व दरबारी व्यवस्थाच बरखास्त केली. मात्र राजा घालविल्यावर त्यांनी अराजक माजूं दिलें नाहीं. बारा स्वरांचा एक क्रम ठरवून त्या क्रमाचें कडक शासन त्यांनी स्वतःवर लादून घेतलें. ही दुसरी गोष्ट वाचकांनी लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

पदवी घेतल्यावर पाइक जर्मनीस गेले, आणि १९५८ सालीं डार्मश्टाट येथील उन्हाळी संगीतवर्गांत त्यांची अमेरिकन संगीतकार जॉन केज यांच्याशीं गांठ पडली. या भेटीनें त्यांचें आयुष्य फिरलें. येथें एक लहानसा धागा आपल्या देशापर्यंत येऊन पोंचतो, तो सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. १९४६ सालीं अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्क येथें केज यांच्याकडे पाश्चात्य संगीताचा अभ्यास करूं लागल्या. केज यांनी फी न घेतां त्या बदल्यांत त्यांच्याकडून हिंदी संगीताची व त्यामागील विचाराची ओळख करून घेतली. चित्त शांत व निर्मळ करणें हेंच संगीताचें प्रयोजन, हा विचार त्यांस याच मार्गानें लाभला. आनंद कुमारस्वामी यांच्या ग्रंथांतून त्यांनी रससिद्धान्तही वाचला, आणि १९४६ ते १९४८ या काळांत ‘सोनाटाज अँड इंटरल्यूड्स’ ही पियानोची रचना करतांना नवरसांचा, व सर्व रसांचा ज्याकडे ओढा असतो त्या शांतरसाचा, आविष्कार करण्याचा यत्न केला. भरतमुनींचा विचार अशा आडवळणानें एका अमेरिकन मनुष्याच्या मनांत शिरला, आणि तेथून एका कोरियन शिष्याच्या हातीं गेला. विचारांस पारपत्र लागत नाहीं हेंच खरें.

केज यांनी पियानोच्या तारांमध्यें स्क्रू, रबराचे तुकडे इत्यादि वस्तु खोंचून त्या भारदस्त वाद्याचा आवाजच पालटून टाकला होता. पाइक यांनी तीच युक्ति दूरचित्रवाणीच्या पेटीवर चालविली. १९६३ च्या मार्च महिन्यांत वुपर्टाल येथील पार्नास नांवाच्या कलागृहांत त्यांनी जें प्रदर्शन भरविलें, त्याचें नांव ‘संगीताचें प्रदर्शन : इलेक्ट्रॉनिक दूरचित्रवाणी’ असें होतें. प्रदर्शन संगीताचें, आणि मांडलेल्या पेट्या चित्रांच्या! परंतु त्यांत विसंगति कांहींच नव्हती. पेटीच्या आंत इलेक्ट्रॉनांचा एक झोत असतो. तो डावीकडून उजवीकडे व वरून खालीं अतिवेगानें फिरून कांचेच्या मागील बाजूस चित्र विणतो. त्या झोतास लोहचुंबकानें ओढलें तर चित्र वांकतें. ध्वनीपासून निघालेला विद्युत्प्रवाह त्यांत सोडला तर आवाज डोळ्यांस दिसूं लागतो. येथें चित्र हें स्थिर वस्तु नसून कंप पावणारी वस्तु आहे, आणि जी वस्तु कंप पावते ती वाजवितां येते, हें गवयास कळलें. चित्रकारांस तोंपर्यंत कळलें नव्हतें. पुढें शुया आबे या जपानी यंत्रज्ञाच्या साहाय्यानें पाइक यांनी चित्रें मिसळण्याचें व रंगविण्याचें एक यंत्र तयार केलें. १९७० च्या सुमारास बोस्टन येथील दूरचित्रवाणी केंद्रांत तें चालूं लागलें. हार्मोनियमवर ज्याप्रमाणें सुरांच्या पट्ट्या दाबाव्या त्याप्रमाणें या यंत्रावर रंग व आकार वाजवितां येत.

या तयारीनंतर ‘ग्लोबल ग्रूव्ह’ निर्माण झालें. न्यूयॉर्क येथील डब्ल्यू. एन्. ई. टी. या केंद्राच्या प्रयोगशाळेंत, जॉन गॉडफ्री यांच्या सहकार्यानें तें तयार झालें, आणि १९७४ च्या जानेवारी महिन्यांत प्रक्षेपित झालें. ‘ग्रूव्ह’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, ग्रामोफोनच्या तबकडीवरील सुई ज्यांतून धांवते तो चर. आणि दुसरा, लोकप्रिय संगीतांतील ठेक्याची ती पकड, जी ऐकणाराच्या पायांस स्वस्थ बसूं देत नाहीं. आरंभींच एक घोषणा होते. तिचा आशय असा कीं, उद्यां पृथ्वीवरील वाटेल तें केंद्र प्रत्येकास घरबसल्या लावतां येईल, आणि कार्यक्रमांची पुस्तिका मॅनहॅटनच्या टेलिफोनच्या पुस्तकाइतकी जाड होईल. लगेच अमेरिकन रॉक-गाण्याच्या तालावर पाय आपटीत नाचणारे नर्तक येतात. त्यांच्या आकृतींच्या कडा रंगांनी पेटतात व विरतात. मग कोरियन पंख्यांचें नृत्य, हातांतील ढोलकें वाजवीत गाणारी नव्हाहो जमातीची स्त्री, आफ्रिकन नर्तक, पेप्सी या पेयाची जपानी जाहिरात, कवि ॲलन गिन्सबर्ग, छातीशीं दूरचित्रवाणीच्या पेट्यांचा सेलो धरून त्यावर गज फिरविणाऱ्या शार्लट मूरमन, गोष्ट सांगणारे केज, आणि चुंबकानें पिळवटलेला अध्यक्ष निक्सन यांचा चेहरा. एक दृश्य दुसऱ्यास ढकलून पुढें येतें. कोणाचेंही पुरतें होत नाहीं.

या कृतीचा गुण कोणता तें प्रथम सांगितलें पाहिजे, कारण तो लहान नाहीं. त्या काळीं पाश्चात्य लोक पौर्वात्य अथवा आदिवासी संगीताकडे पाहत ते एक तर वस्तुसंग्रहालयांत पाहावें तसे, नाहीं तर गूढतेच्या उदबत्त्या लावून. पाइक यांनी हे दोन्ही मार्ग टाकले. त्यांच्या पडद्यावर नव्हाहो स्त्री आणि रॉक-गाण्याचे नर्तक एकाच पंक्तीस बसतात. केज यांच्यासारख्या विद्वानास जाहिरातीच्या शेजारीं पाट मिळतो. कोणास सोवळें नाहीं, कोणास ओवळें नाहीं. विशेष हें कीं, पाइक यांनी स्वतःच्या देशाच्या नृत्यासही निराळा मान दिला नाहीं. परक्यांच्या वस्तूस जें वागविलें तेंच आपल्या वस्तूस. या बाबतींत त्यांची सचोटी निर्विवाद आहे. शिवाय ज्यास आपण ‘प्राचीन परंपरा’ म्हणून हात जोडतों ती पुष्कळदां मानतों तितकी प्राचीन नसते, हेंही विसरूं नये. कोरियन पंख्यांचें समूहनृत्य जगभर त्या देशाच्या जुन्या संस्कृतीचें प्रतीक समजलें जातें. परंतु किम बेक-बाँग या नर्तकीनें १९५४ सालीं तें रंगभूमीवर आणलें. तेव्हां यंत्रानें एका अस्पर्शित देवतेस विटाळविलें, असा टाहो फोडण्याचें कारण नाहीं. परंपरा ही वाहती असते आणि प्रत्येक पिढी तींत आपली घागर रिकामी करीत असते.

असें असूनही आमचें समाधान होत नाहीं, आणि त्याचें कारण काळ हें आहे. चित्र अवकाशांत राहतें, संगीत काळांत राहतें. चित्राचा तुकडा दाखविला तर तो निदान चित्राचा तुकडा असतो. गाण्याचा काळ कापला तर उरतें तें गाणें नव्हे, गाण्याची निशाणी. कोरियांतीलच उदाहरण घेऊं. तेथें ‘सान्जो’ नांवाचा एकल वाद्यवादनाचा प्रकार आहे. तो अतिविलंबित लयींत सुरू होतो आणि पायरीपायरीनें द्रुत लयीस चढतो. आपल्या ख्यालाची बढत ज्यांनी ऐकली आहे त्यांस ही चाल परकी वाटणार नाहीं. तेथेंच ‘पान्सोरी’ हा कथागायनाचा प्रकार आहे. एक गाणारा व एक ढोल वाजविणारा, एवढ्या सामग्रीवर संपूर्ण कथा कित्येक तास चालते. अशा कलांत आरंभींची संथता ही भूमि असते. ती नांगरल्याशिवाय शेवटचें पीक येत नाहीं. त्यांतून पाव मिनिट उचलून दाखविणें म्हणजे नदी दाखवितों म्हणून ओंजळभर पाणी दाखविण्यासारखें आहे. तें पाणी खरें असतें; पण तें वाहत नसतें.

यावर पाइक यांचे कैवारी म्हणतील कीं, ‘ग्लोबल ग्रूव्ह’ ही संगीताची ओळख करून देणारी पोथी नव्हे. ती स्वतःच एक संगीतरचना आहे, व या नानाविध दृश्यांस त्या रचनेंतील स्वरांचें स्थान आहे. हा युक्तिवाद बळकट आहे, आणि पाइक यांच्या गवईपणाशीं तो सुसंगतही आहे. म्हणून त्याच मापानें कृति मोजूं. येथें शोनबर्ग यांची आठवण कामास येते. त्यांच्या बारा स्वरांत राजा नव्हता, पण क्रम होता. आणि क्रम होता म्हणूनच प्रत्येक स्वराच्या येण्याची वाट पाहावी लागे. ‘ग्लोबल ग्रूव्ह’मध्यें राजा नाहीं आणि क्रमही नाहीं. कोरियन नृत्याच्या जागीं आफ्रिकन नृत्य आणि आफ्रिकन नृत्याच्या जागीं जाहिरात घातली तर काय बिघडेल, या प्रश्नास ही कृति उत्तर देत नाहीं. जेथें कोणतीही वस्तु कोठेंही चालते तेथें समता नसते, उदासीनता असते. या दोहोंतील अंतर फार मोठें आहे. समता म्हणते, तुझें म्हणणें मी माझ्याइतकेंच मन लावून ऐकेन. उदासीनता म्हणते, तूं कांहीं म्हण अथवा म्हणूं नको, माझा ठेका चालूं आहे. आमच्या तालशास्त्रांतही ठेका अखंड चालतो. परंतु गवई कितीही दूर गेला तरी समेवर येण्याचें ऋण त्याच्या डोक्यावर असतें, आणि तें ऋण फेडतांनाच श्रोत्यांची मान हलते. ऋणावांचून भटकणें यास स्वैरता म्हणतात; स्वातंत्र्य नव्हे.

हें ऋण केवळ तालाचें नव्हे, मनुष्यांचेंही आहे, आणि येथें विषय सौंदर्यशास्त्राच्या बाहेर पडून न्यायाच्या प्रांतांत शिरतो. १९८७ च्या जून महिन्यांत लंडन येथील एका मद्यगृहाच्या माडीवर कांहीं लहान तबकडी-कंपन्यांची मंडळी जमली आणि परदेशचें संगीत दुकानांत कोणत्या फळीवर ठेवावें या अडचणीवर तोड म्हणून ‘वर्ल्ड म्यूझिक’ हें नांव त्यांनी रूढ केलें. त्यांचा हेतु वाईट नव्हता. त्या नांवामुळें कित्येक आफ्रिकन व आशियाई कलावंतांस श्रोते मिळाले. परंतु ज्या फळीवर सेनेगल, बल्गेरिया आणि पाकिस्तान एकत्र बसतात, ती फळी ‘जग’ म्हणजे ‘आमच्याखेरीज इतर सर्व’ एवढाच अर्थ सांगते. गायकाचें नांव व गांव पुसलें गेलें म्हणजे काय होतें याचा दाखला दक्षिण आफ्रिकेंत आहे. सॉलोमन लिंडा या झुलू गायकानें १९३९ सालीं ‘म्बुबे’ हें गाणें तबकडीवर गाइलें. त्याबद्दल त्यास दहा शिलिंग मिळाल्याचें सांगतात. पुढें हीच चाल अमेरिकेंत गेली, १९६१ सालीं ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ या नांवानें जगभर गाजली, व १९९४ सालीं ‘द लायन किंग’ या चित्रपटांतही वाजली. लिंडा १९६२ सालीं दारिद्र्यांत वारला. त्याच्या मुलींस न्यायालयाची पायरी चढावी लागली, तेव्हां २००६ सालीं तडजोड होऊन त्यांस कांहीं वांटा मिळाला. पाइक यांनी कोणाचें द्रव्य बुडविलें असें आम्हांस मुळींच सुचवावयाचें नाहीं. परंतु परक्याचें गाणें म्हणजे रंगाचा एक ठिपका, अशी दृष्टि एकदां रुजली म्हणजे तो ठिपका कोणाचा हें विचारण्याची संवय सुटते. आणि ही संवय सुटणें हें व्यापाऱ्यांच्या पथ्यावर पडतें.

पाइक यांस या उणिवेची जाणीव नव्हती असें नाहीं. पुढील पंधरा वर्षांत त्यांनी उपग्रहाच्या साहाय्यानें जे तीन प्रयोग केले, ते त्या जाणिवेचेच द्योतक आहेत. १ जानेवारी १९८४ रोजीं ‘गुड मॉर्निंग मिस्टर ऑर्वेल’ या प्रयोगानें न्यूयॉर्क आणि पॅरिस एका वेळीं जोडलीं गेलीं. दूरचित्रवाणी हें जुलमी सत्तेचें हत्यार होईल, या ऑर्वेल यांच्या कादंबरींतील भीतीस दिलेला तो हंसतखेळत जबाब होता. १९८६ सालीं ‘बाय बाय किपलिंग’ या प्रयोगानें न्यूयॉर्क, सेऊल व टोकिओ जोडलीं गेलीं. १९८८ सालीं सेऊल येथील ऑलिंपिकच्या वेळीं तिसरा प्रयोग झाला. यांतील दुसऱ्याचें नांव आम्हां मुंबईच्या परिसरांतील लोकांस विशेष बोलकें वाटावें. रडयार्ड किपलिंग यांचा जन्म १८६५ सालीं मुंबईसच झाला. त्यांचे वडील तेथील जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंत अध्यापक होते. पूर्व आणि पश्चिम कधींच एकत्र येणार नाहींत, हें मत किपलिंग यांच्या ज्या कवितेच्या आधारें त्यांच्या माथीं मारलें जातें, तीच कविता पुढें अगदीं उलट सांगते : दोन खंबीर पुरुष समोरासमोर उभे राहिले म्हणजे दिशा, कुळ व सीमा यांचा भेद उरत नाहीं. ही गोष्ट किपलिंग यांस निरोप देणाऱ्या पाइक यांच्याच विरुद्ध पुरावा म्हणून वापरतां येईल. कवीची अट ‘समोरासमोर’ ही आहे. उपग्रहामुळें दोन माणसें एका क्षणीं दिसतात. परंतु एका क्षणीं दिसणें आणि समोरासमोर उभें राहणें या दोन गोष्टी एक नव्हेत.

मग पाइक यांच्या हातून समोरासमोरची भेट कधींच घडली नाहीं काय? घडली, आणि तीही ‘ग्लोबल ग्रूव्ह’ प्रक्षेपित झालें त्याच १९७४ सालीं. त्या कृतीचें नांव ‘टीव्ही बुद्ध’. एक जुनी बुद्धमूर्ति ध्यानस्थ बसली आहे. तिच्यापुढें एक दूरचित्रवाणीची पेटी आहे. पेटीमागील कॅमेरा मूर्तीचेंच चित्र पडद्यावर टाकीत आहे. बुद्ध आपणास पाहत आहे, आणि पडद्यावरील बुद्ध त्यास पाहत आहे. येथें तुकडे नाहींत, ठेका नाहीं, एकही दृश्य बदलत नाहीं. जें यंत्र क्षणाक्षणास नवें चित्र देण्याकरितां जन्मलें, त्यास पाइक यांनी एकच वस्तु अखंड पाहावयास लावलें. एवढ्या अल्प साधनांत परंपरा आणि यंत्र दोन्हीं आपापल्या पूर्ण उंचीनें उभीं राहतात, आणि एक दुसऱ्यास विचारतें, तूं कोण? केज यांच्यामार्फत त्यांस मिळालेला शांतरसाचा वारसा त्यांनी येथें व्याजासह परत केला आहे. बुद्ध हा पडद्यावर आला म्हणून लहान झाला नाहीं, कारण त्यास काळ मिळाला.

यंत्रकलेच्या आयुष्याविषयींही दोन शब्द सांगितले पाहिजेत. १९८८ सालीं पाइक यांनी कोरियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाकरितां, सेऊलजवळील ग्वाचन येथें, १,००३ दूरचित्रवाणी संचांचा एक मनोरा उभारला. ३ ऑक्टोबर हा कोरियाचा राष्ट्रस्थापनेचा दिवस. त्यावरून हा आंकडा घेतला. परंतु ज्या कांचेच्या नळ्यांवर तो उजळत होता त्यांचें उत्पादन जगांत बंद पडत गेलें, आणि २०१८ च्या फेब्रुवारींत मनोरा विझवावा लागला. दुरुस्तीनंतर २०२२ च्या सप्टेंबरांत तो पुन्हां पेटला. तीस वर्षांत थकलेल्या या मनोऱ्याच्या शेजारीं पान्सोरी ठेवून पाहावी. ती गुरूच्या कंठांतून शिष्याच्या कंठांत उतरते. तिचे सुटे भाग कोणत्याही कारखान्यांत होत नाहींत, म्हणून ते बंदही पडत नाहींत. आपणास परंपरा दुबळी आणि यंत्र बलवान वाटतें. वस्तुस्थिति पुष्कळदां उलट असते. मात्र कंठ टिकावयाचा तर कान टिकले पाहिजेत, आणि खरी काळजी तेथेंच आहे.

कारण पाइक यांची भविष्यवाणी आज अक्षरशः खरी झाली आहे. टेलिफोनचें जाड पुस्तक गेलें, आणि टेलिफोनच जगांतील सर्व केंद्रांची पुस्तिका झाला. आज कोणत्याही सुशिक्षित घरांत लहान मूल बोटाच्या एका फटकाऱ्यासरशीं मंगोलियांतील कंठगायन, स्पेनमधील फ्लामेंको आणि साबणाची जाहिरात एकामागून एक ढकलीत असतें. ‘ग्लोबल ग्रूव्ह’ची अठ्ठावीस मिनिटें आतां संपतच नाहींत. पाइक यांनी जें कलेच्या उन्मेषानें केलें, तें आतां संवयीनें होतें. आणि जें त्यांच्या कृतींत एक दोष म्हणून दिसत होतें, तें आमच्या घरांत रीत म्हणून बसलें आहे. म्हणूनच या जुन्या कृतीचें परीक्षण हा केवळ पंडितांचा विनोद नव्हे.

आमचा अभिप्राय थोडक्यांत असा कीं, ‘ग्लोबल ग्रूव्ह’ ही थोर कल्पनाशक्तीची, निर्मळ हेतूची, पण अर्धवट कानाची कृति आहे. तिनें जगास एका पंक्तीस बसविलें, हें तिचें पुण्य. पण ताट वाढतां वाढतांच उचललें, हा तिचा दोष. तो दोष यंत्राचा नव्हे, हें त्याच कलावंतानें त्याच सालीं एक मूर्ति व एक पेटी समोरासमोर ठेवून सिद्ध केलें. दूरदेशचें गाणें घरांत येतें ही भाग्याचीच गोष्ट आहे. तें आलें म्हणजे गाणाराचें नांव विचारावें, त्याचें गांव विचारावें, आणि त्याचें गाणें संपेपर्यंत बसावें. पाहुण्यास आपण एरवीं एवढा मान देतोंच. गाण्यास तो नाकारण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.